पाखरांची बोली आणि आपले कान

वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे गावोगावी अशी ज्ञानसत्रे भरू लागली. पण याच ऋतूत, याच गावात, आणखी एक सत्र चालू असते. त्याला मंडप नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. झुंजूमुंजू होण्याआधी दयाळ त्याचा आरंभ करतो, उजाडताना कोकीळ आणि बुलबुल त्यात भाग घेतात आणि भर दुपारच्या उन्हात, सारे श्रोते पांगले तरी, तांबट आपला एकच मुद्दा ‘टुक् टुक् टुक्’ असा मांडीत राहतो. त्या सत्राला उणीव एकच : श्रोते कमी. पाखरांचे बोलणे ऐकावे कसे, त्यात सुख कशाचे आणि आज ते ऐकण्याची निकड का, एवढ्याच गोष्टींचा विचार येथे करावयाचा आहे.

मालेगावात हा विषय काढला की एक आक्षेप हटकून येईल. मोसम-गिरणेच्या काठचे हे गाव यंत्रमागांचे. रात्रंदिवस मागांचा खटखटाट. त्यात पाखरू बोलले काय आणि न बोलले काय, सारखेच! आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. मागाचा आवाज हा या गावाच्या भाकरीचा आवाज आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. शिवाय त्या आवाजाने येथील कारागिराच्या कानाला जे वळण लावले आहे, ते कोणत्याही शाळेत लागत नाही. शेडमध्ये अनेक माग एकाच वेळी चालू असतात. त्यांतला एखादा थांबला, एखाद्याचा ठेका चुकला, की पाठमोरा उभा असलेला माणूससुद्धा वळून पाहतो. त्याने ते पाहिलेले नसते, ऐकलेले असते. एवढ्या गलक्यातून एक आवाज वेगळा काढणे, हीच तर पक्षिश्रवणाची पहिली आणि अखेरची विद्या. ती ज्याला आली, त्याने फक्त कान दुसरीकडे वळवावयाचे आहेत.

आवाजावरून पडलेली नावे

आपल्या वाडवडिलांनी हे कान केव्हाच वळविले होते. याची साक्ष मराठी भाषाच देते. टिटवीला टिटवी हे नाव तिच्या रंगावरून पडलेले नाही, तिच्या ‘टिटीव् टिटीव्’वरून पडले. तांबटाला तांबट म्हटले, कारण तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा त्याचा एकसुरी ठोका. पारवा घुमतो, चिमणी चिवचिवते, कावळा कोकतो, आणि मोराच्या ओरडण्याला तर ‘केका’ असा स्वतंत्र शब्द आहे. मोरोपंतांनी देवाला घातलेल्या आपल्या हाकांना ‘केकावली’ हे नाव दिले, ते याच शब्दावरून. ज्या समाजाने एवढी क्रियापदे घडविली, त्याने पाखरांकडे दुर्लक्ष केले असे कोण म्हणेल?

मात्र माणूस आवाज ऐकतो तो आपल्या मनासारखा. याचे उत्तम उदाहरण पावशा. मृगाच्या आधी आभाळ भरून येऊ लागले की हा शिक्र्यासारखा दिसणारा पक्षी झाडात लपून ओरडू लागतो. प्रत्येक हाकेला सूर चढत जातो, टिपेला पोहोचतो, तेथे एकदम तुटतो आणि पुन्हा खालून सुरुवात होते. मराठी शेतकऱ्याला त्यात ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ऐकू येते. हिंदी आणि उर्दू बोलणाऱ्याला तोच पक्षी ‘पी कहाँ, पी कहाँ’ असे विचारताना ऐकू येतो. बंगाल्याला ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळे गेले’. इंग्रज साहेब उन्हाळ्याने आधीच बेजार झालेला. त्याने त्यात ‘ब्रेन फीव्हर’, म्हणजे मेंदूचा ताप, ऐकला. पक्षी एक, सूर एक. पण एकाला पेरणीची चिंता, दुसऱ्याला प्रियजनाचा विरह, तिसऱ्याला तापाचे भय. मालेगावात मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. तेव्हा एकाच पावशाची हाक शिवारातल्या घरात ‘पेरते व्हा’ होते आणि विणकराच्या घरात ‘पी कहाँ’. दोघांनी एकदा एकमेकांस विचारून पाहावे. पाखरू दोन्ही घरांचे आहे, हे तरी कळेल.

टिटवीच्या वाट्याला मात्र बदनामी आली. ती रात्री ओरडली की काही तरी वाईट घडणार, असा समज आहे. वस्तुस्थिती अशी की टिटवी उघड्या माळावर, खड्यांच्या आडोशाने, जमिनीवरच अंडी घालते. कुत्रा, कोल्हा किंवा माणूस जवळ येताना दिसला की ती आकांत करते. ती अपशकुनी नव्हे. ती राखणदार आहे. कान उघडे ठेवून ऐकले तर पुष्कळ भीती अशाच गळून पडतात.

गातो कोण आणि कशासाठी?

पक्ष्याच्या आवाजाचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात : हाक आणि गाणे. हाक थोडक्यात असते. धोका आहे, पिलांनो या, मी येथे आहे, एवढेच ती सांगते आणि ती नर-मादी दोघेही देतात. गाणे लांब, रचलेले आणि बहुधा विणीच्या हंगामातले. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्याच्या शरीरात बदल घडतात आणि नराला कंठ फुटतो. ‘ही हद्द माझी’ हे इतर नरांना आणि ‘मी येथे आहे’ हे माद्यांना, असे एकाच गाण्यात दोन निरोप असतात. आपण ‘कोकिळा गाते’ असे म्हणतो. पण ‘कुहू कुहू’ असा पंचम लावणारा तो काळा कोकीळ नर असतो. ठिपक्यांची तपकिरी मादी केवळ ‘किक् किक्’ करीत एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते.

आपला कंठ गळ्याच्या वरच्या टोकाला आहे. पक्ष्याचा ध्वनियंत्राचा भाग छातीत, श्वासनलिका जेथे दुभंगते तेथे असतो. त्या दुभंगाच्या दोन्ही बाजू गाणारे पक्षी वेगवेगळ्या हलवू शकतात. म्हणून मूठभर दयाळाला एकाच वेळी दोन सूर काढता येतात. कोणत्याही गवयाला हे साधणारे नाही.

गाणे उपजत की शिकलेले, हा प्रश्न फार दिवस होता. केंब्रिजच्या विल्यम थॉर्प यांनी १९५० च्या दशकात चॅफिंच नावाच्या लहान पक्ष्याची पिले स्वजातीपासून दूर वाढविली. ती पुढे गायली, पण ओबडधोबड. घराण्याची गायकी त्यांना साधली नाही. अशा पक्ष्यांना गुरू लागतो आणि रियाजही लागतो. काही जातींत तर प्रदेशागणिक गाणे बदलते. बारा कोसांवर भाषा बदलते, ही म्हण त्यांनाही लागू पडते. याच्या उलट कोकीळ. तो कावळ्याच्या घरट्यात जन्मतो, कावळ्याच्या चोचीने भरवला जातो, कावळ्यांचीच कावकाव ऐकत वाढतो आणि वेळ आली की बिनचूक ‘कुहू’ म्हणतो. त्याला ते कोणी शिकविलेले नसते.

आवाज टिपण्याची विद्या

उडून गेलेला आवाज पुन्हा ऐकता येत नाही, ही हजारो वर्षांची अडचण होती. पक्ष्यांवर लिहिणारे अक्षरांत आवाज पकडू पाहत. सालिम अलींनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकातही रूपाबरोबर आवाजाचे वर्णन आहे. पण अक्षरांत आवाज धरणे म्हणजे चाळणीत पाणी धरणे. एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ काढला आणि ही अडचण सुटण्याचा मार्ग दिसला.

१८८९ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे लुडविग कोख नावाच्या सात-आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी दिलेल्या फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यावर आपल्या पिंजऱ्यातील पाखराचा आवाज टिपला. पक्ष्याच्या गाण्याचे ज्ञात असलेले हे पहिले ध्वनिमुद्रण, आणि ते आजही ऐकावयास मिळते. आपल्याला विशेष वाटावे ते हे की, ते पाखरू युरोपातले नव्हते. ते होते शामा. आपल्या सह्याद्रीच्या दाट झाडीत राहणारा, दयाळाचाच भाऊबंद असलेला, लांब शेपटीचा शामा! जगातील पक्षिध्वनींच्या भांडाराचा श्रीगणेशा आपल्या रानातल्या जातीने केला. हाच कोख पुढे १९३६ साली इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी त्याने रानातल्या पक्ष्यांच्या गाण्याच्या तबकड्या पुस्तकासोबत प्रसिद्ध केल्या.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी १९२९ मध्ये बोलपटाच्या यंत्राने रानपाखरांचे आवाज फिल्मवर घेतले. नंतर परातीसारखी खोलगट थाळी आली; ती पाखराच्या रोखाने धरली की विखुरलेला आवाज तिच्या मध्यबिंदूशी गोळा होतो आणि तेथे ध्वनिग्राहक बसविलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत आवाजाचे चित्र काढणारे यंत्र तयार झाले. सूर किती उंच, किती वेळ टिकला, कोठे वळला, हे त्यामुळे कागदावर पाहता येऊ लागले. थॉर्प यांना आपल्या पिलांच्या गाण्यातील फरक दाखविता आला, तो याच यंत्रामुळे.

आज हे सारे खिशात आले आहे. नेदरलँड्समध्ये २००५ साली सुरू झालेल्या झेनो-कँटो या जाळ्यावरील संग्रहात जगभरच्या हौशी लोकांनी टिपलेले आवाज कोणालाही फुकट ऐकता येतात. कॉर्नेलचे ‘मर्लिन’ हे साधन २०२१ पासून मोबाइलवर आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवू लागले. आपल्याकडील कित्येक पक्षीही ते ओळखते. ते चुकत नाही असे नाही. त्याचे उत्तर हे सूचना म्हणून घ्यावे, निकाल म्हणून नव्हे. एक पथ्यही पाळावे : रानात जाऊन पक्ष्याला त्याच्याच जातीचा आवाज वाजवून दाखवू नये, निदान विणीच्या हंगामात तरी मुळीच नाही. त्याला वाटते, हद्दीत दुसरा नर शिरला. मग अंडी-पिले टाकून तो त्या नसलेल्या शत्रूच्या मागे धावतो. आपली घटकाभर मौज होते, पण त्याचा संसार उघडा पडतो.

खानदेशातला मुका पक्षी

ध्वनिमुद्रणाचे मोल केवळ करमणुकीचे नाही, हे सांगणारी एक हकीकत आपल्या शेजारच्या खानदेशातलीच आहे. वनपिंगळा नावाचे लहानसे घुबड प्रथम शास्त्राला ठाऊक झाले ते १८७३ साली. त्याचे वर्णन करणारे गृहस्थ ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. त्यानंतर काही थोडे नमुने मिळाले. त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू पृथ्वीच्या पाठीवरून नाहीसा झाला. संग्रहालयांच्या खणांत पेंढा भरलेली जेमतेम सात कातडी, एवढाच त्याचा पुरावा. त्यातच कर्नल माइनर्ट्‌झहॅगन या इंग्रज पक्षिवेत्त्याने १९१४ साली गुजरातेत तो पक्षी मिळाल्याचा दावा केला आणि शोध घेणारे चुकीच्या वाटेला लागले. तो नमुना म्हणजे डेव्हिडसनच्याच नमुन्यांपैकी एक, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला होता, असे पुढे पामेला रासमुसेन यांनी सिद्ध केले.

आणि याच रासमुसेन आपल्या दोन सहकाऱ्यांसह जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांच्या आधाराने सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात, दिवसाउजेडी, निष्पर्ण फांदीवर वनपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! येथून तापी ओलांडून उत्तरेकडे गेले की शहादे लागते. इतक्या जवळ तो होता.

आता नीट विचार करावा. एवढ्या काळात त्या रानातून लाकूडतोडे गेले, गुराखी गेले, शिकारी गेले. तो पक्षी दिवसा वावरणारा, ओरडणाराही. त्याची हाक कोणाच्या कानी पडली नसेल, असे म्हणवत नाही. पण ती हाक वनपिंगळ्याची, हे सांगावयास कोणाजवळ साधन नव्हते. कारण पेंढा भरलेल्या कातड्याला आवाज नसतो. रासमुसेन आणि फराह इश्तियाक यांनी १९९९ मध्ये त्याच्या आवाजांचे पद्धतशीर वर्णन प्रसिद्ध केले आणि वनपिंगळा पुन्हा बोलका झाला. पुढच्या पाहण्यांत त्याचा मुद्रित आवाज आणि शोधणाऱ्यांचे कान, दोन्ही उपयोगी पडले. मेळघाट, यावल, तोरणमाळ येथे तो आढळला, आणि २०१४ साली मुंबईच्या उंबरठ्यावरील तानसा अभयारण्यातही. २०१८ पर्यंत तो ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जाई. आता एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ मानला जातो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. हवाई बेटांतील ‘कौआई ओओ’ नावाच्या पक्ष्याचे बासरीसारखे गाणे ध्वनिमुद्रित आहे, कोणीही ऐकावे. पक्षी मात्र १९८७ नंतर कोणाच्याही कानी पडला नाही. आपल्या माळावरील माळढोकाचा घुमारा पूर्वी सोलापूर-नगरच्या गवताळ रानात उठे. महाराष्ट्रात आता तो जवळजवळ थांबला आहे. ध्वनिमुद्रण पक्ष्याला वाचवीत नाही. ते ओळख करून देते. आणि ज्याची ओळख असते, त्याच्या नसण्याचीच माणसाला जाणीव होते.

कानाची राखण

आता आपल्या गावाचा प्रश्न. कारागिराचा कान तयार आहे, असे वर म्हटले; पण तोच कान धोक्यात आहे, हेही सांगितले पाहिजे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामाला ९० डेसिबलची मर्यादा आहे. बंद शेडमध्ये अनेक माग एकदम चालले की आवाज त्यापुढे सहज जातो, आणि मागावरची पाळी बहुधा बारा तासांची. अशा आवाजाने कानाच्या आतील शंखाकृती भागातील सूक्ष्म केसपेशी झडतात. प्रथम झडतात त्या सेकंदाला चार हजारांच्या आसपास कंपने असलेले उंच सूर टिपणाऱ्या. बोलणे ऐकू येत राहते, म्हणून माणसाला काही दिवस पत्ताच लागत नाही. पुढे ‘स’, ‘फ’, ‘थ’ ही अक्षरे अस्पष्ट होतात आणि घरची मंडळी म्हणू लागतात, ‘यांना हल्ली नीट ऐकू येत नाही.’

आणि बहुतेक लहान पाखरांचे गाणे याच उंच सुरांच्या पट्ट्यात असते. म्हणजे भारद्वाजाचा खर्जातला ‘कूप् कूप्’ अशा माणसाला ऐकू येतो, कोकीळही येतो. पण जास्वंदीवर बसलेला शिंजीर त्याच्यापुरता मुका होतो. पाखरे कमी झाली असे त्याला वाटते. खरोखर त्याचे कानच कमी झालेले असतात. दैवाची थट्टा अशी की पक्ष्यांच्या केसपेशी झडल्या तरी पुन्हा उगवतात, हे १९८० च्या दशकात शास्त्रज्ञांना आढळून आले. बहिरा झालेला पक्षी काही आठवड्यांत पुन्हा ऐकू लागतो. माणसाला ते वरदान नाही. आपला कान एकदाच मिळतो. म्हणून मागावर काम करणाऱ्याने कानात नीट बसणारी, त्यासाठीच तयार केलेली बुचे वापरावीत. साध्या कापसाच्या बोळ्याने फारसे संरक्षण होत नाही. मालकाने ती पुरवावीत. आणि पहाटे शिंजिराचा किंवा शिंप्याचा आवाज पूर्वीसारखा येतो की नाही, हे ज्याने त्याने अधूनमधून पाहावे. शंका आली तर वैद्याकडे जाण्यास उशीर करू नये.

या ऐकण्याचा मनालाही उपयोग होतो. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०२२ साली २९५ जणांवर प्रयोग केला. काहींना सहा मिनिटे पक्ष्यांचे मुद्रित आवाज ऐकविले, काहींना रहदारीचे. पहिल्यांची चिंता आणि संशयी वृत्ती कमी झाली; दुसऱ्यांची खिन्नता वाढली. रानात जाऊ न शकणाऱ्या वृद्धाला, अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला, मुद्रित पाखरू हे म्हणूनच मोठे औषध आहे. धडधाकट माणसाला मात्र ते केवळ पाठ्यपुस्तक. पुस्तक वाचून पोहणे येत नाही. गिरणेत उतरावेच लागते.

आरंभ कसा करावा?

याला खर्च नाही. एका वेळी एकच पक्षी धरावा. या आठवड्यात तांबट, पुढच्यात दयाळ. आधी मोबाइलवर त्याचा आवाज दोन-चारदा ऐकावा, मग मोबाइल खिशात ठेवून पहाटे गच्चीवर किंवा नदीकाठी पंधरा मिनिटे स्वस्थ उभे राहावे. शुक्रवारी माग थांबलेले असतात; त्या दिवशीची पहाट मालेगावकरांसाठी राखीवच आहे. एखाद्या दिवशी अचानक वीज गेली आणि सारी पेठ गप्प झाली, तर चरफडण्याआधी क्षणभर कान द्यावा. पाखरे तेथेच होती, आपल्याला ऐकू येत नव्हती, हे तत्काळ कळते. गावाबाहेर माळावर गेलात तर डोंबारी चंडोल भेटेल. तो आभाळात चढतो, पंख मिटून खाली झोकून देतो, शीळ घालतो आणि पुन्हा वर उसळतो. त्याचे नाव कसे पडले ते विचारावे लागत नाही. रात्री फरशीवर गोटी टाकावी आणि ती उड्या मारीत मारीत थांबावी, तसा आवाज आला तर तो रातवा. थंडीत सवड काढून निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरला जावे. महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून मान मिळालेले हे पाणथळ आपल्याच जिल्ह्यात आहे.

आणि ऐकलेले लिहून ठेवावे. २०२५ मध्ये निवर्तलेल्या मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत आयुष्य रानात घालविले आणि रानातल्या माणसांकडून पाखरांची नावे गोळा केली. त्यांच्या ‘पक्षिकोशा’मुळे मराठीला पुष्कळ शब्द परत मिळाले. आपल्या आजीला टिटवीबद्दल काय ठाऊक आहे, शेजारच्या चाचांच्या घरी पावशाला काय म्हणतात, हे एका वहीत टिपले तरी ते त्याच कामाचा एक तुकडा होईल. कोणता पक्षी कोणत्या तिथीला प्रथम बोलला, एवढी नोंद पाच-दहा वर्षे ठेवली, तर कोण आला, कोण उशिरा आला आणि कोण यावयाचा थांबला, हे गावाला आपले आपण सांगता येईल. त्यासाठी बाहेरून कोणी तज्ज्ञ येण्याची वाट पाहावयास नको. मागाचा चुकलेला ठेका ओळखणारे कान या गावात घरोघरी आहेत. ते जपावे, आणि उद्या पहाटेपासूनच त्यांना या दुसऱ्या कामाला लावावे.